जन्म बुटवलचा, नोंद गावची

आमच्या गावात कुणीही परगावी जन्माला येत नाही. कागदावर तरी येत नाही. गाव सांगली जिल्ह्यातलं, विट्याच्या वरच्या अंगाचं, आणि घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. सराफाकडचं जुनं मोडीचं सोनं आमच्या माणसांच्या भट्टीत येतं, मुशीत वितळतं, त्यातली भेसळ निघून जाते आणि चोख सोनं सराफाकडे परत जातं. हे काम गावात बसून होत नाही, कारण गावात वितळवण्याइतकं सोनं कुणाकडे नाही. म्हणून कुणी कोइमतूरला, कुणी लुधियान्याला, कुणी आसामात. पोरं तिथंच भाड्याच्या खोल्यांत होतात. पण कुणाकडे पोर झाल्याची खबर गावात आली की आजा उठतो, ग्रामपंचायतीत जातो आणि नातवंडाचा जन्म आपल्या राहत्या घरी झाला असं लिहवून येतो. यात खोटं बोललो असं कुणाला वाटत नाही. पोर कुठं का पडेना, त्याला गाव लागलं पाहिजे, एवढंच त्यामागचं.

मी या गावची सून. माझं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढं, सातारा जिल्हा. त्या भागात पाणी कमी आणि तोंड जास्त, असं माझे सासरे म्हणतात, आणि ते माझ्याकडे बघूनच म्हणतात. वडील फौजेत हवालदार होते. घरात सगळं वेळेवर आणि स्पष्ट बोलायची सवय, त्यामुळे सासरी आल्यावर माझं आणि लोकांचं अधूनमधून वाजायचं. तेही माझ्या अंगवळणी पडलं आणि लोकांच्याही.

आमचे मालक नेपाळात, बुटवलला. लग्न ठरलं तेव्हा मुलगा परदेशात असतो असं कुणी म्हणालं नाही. दुबईला गेलेला परदेशात. नेपाळला गेलेला नुसता लांब. कराडात गाडी धरायची, पुण्याला बदलायची, गोरखपूरला उतरायचं, तिथून जीपने सुनौली, आणि एका कमानीखालून चालत गेलं की आलं नेपाळ. पासपोर्ट नाही, शिक्का नाही. आपल्याच रुपयात कमानीच्या पलीकडेही चहा मिळायचा. अशा ठिकाणाला परदेश कोण म्हणेल? आम्ही नाही म्हटलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं. तिकिटं काढून झाली होती, दहिवडीला आईनं डिंक-खारका आणून ठेवल्या होत्या. पण आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मालक कामासाठी काठमांडूला गेलेले. खोलीची घरमालकीण मला सायकलरिक्षात घालून बसस्टँडजवळच्या एका लहान दवाखान्यात घेऊन गेली. मला नेपाळी येत नव्हतं, तिला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. मी माणदेशीत ओरडत होते, ती नेपाळीत धीर देत होती, आणि दोघींचं बरोबर चाललं होतं. दिवसभर तिनं माझा हात सोडला नाही. संध्याकाळी मुलगी झाली. इवलीशी होती, पण रडली अशी की नर्स हसायला लागली.

महिना-दीड महिन्यानं त्याच बाईनं मला वॉर्ड ऑफिसात नेलं आणि मुलीच्या जन्माची तिथली नोंद करायला लावली. तिच्या दाराशी जन्मलेलं पोर बिननोंदीचं राहावं हे तिला पटत नव्हतं. मी तो कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला. तिकडे गावाकडे फोन गेल्याबरोबर सासऱ्यांनीही रीतीप्रमाणे पंचायतीत नोंद केली होती. जन्म राहत्या घरी, बाळंतपण आजीच्या हातून. माझ्या सासूबाईंनी नातीचं तोंड पाहिलं ते पुढं जत्रेला. त्या आता नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी जास्त बोलत नाही. पण त्या कागदावर माझं बाळंतपण त्यांनीच केलेलं आहे.

मुलगी शाळेच्या वयाची झाल्यावर मी तिला घेऊन गावी आले. आमच्यात तसंच करतात. माणसं धंद्यावर, बायका-पोरं शाळेसाठी गावात. शाळेत गावचा दाखला लागला, आधारला तोच लागला, आणि ट्रंकेतला कागद ट्रंकेतच राहिला. दर वाढदिवसाला मात्र मी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगायची. रिक्षा, पाऊस, घरमालकीण, नर्सचं हसणं, सगळं. ती गोष्ट तिला पाठ होती.

ती बारावीला विट्याला जायला लागली तेव्हा तिच्या डोक्यात फौज पक्की बसलेली होती. आता मुलींनाही एनडीएची परीक्षा देता येते. पहाटे उठून ती खानापूरच्या रस्त्याला पळायची. सासऱ्यांनी तर आख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं की आमची नात साहेब होणार. एका रविवारी ती मोबाइलवर फॉर्म भरत बसली आणि मध्येच थांबली.

"आई, जन्माच्या जागंला काय लिहू?"

"गावाचं नाव लिही की."

"पण मी बुटवलची हाय."

"दाखल्यावर गाव हाय न्हवं?"

तिनं मोबाइल खाली ठेवला. "दाखला खरा, का तू सांगितलेलं खरं? निवड झाल्यावर पोलिस गावात चौकशीला येतात आई. मी एकवेळ गप बसंन. तू बसशील का?"

माझं गप्प बसणं गावात कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा तिचं म्हणणं बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा पोलिसांची काळजी वाटली नाही. मला राग आला. इतकी वर्षं तो दाखला मी शाळेत, बँकेत, कुठं कुठं दिला होता आणि एकदाही नीट वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड दिवस कुणीतरी उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवला होता, आणि तिथं मी असूनही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन सांगली गाठली. कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात, माझ्या भावजयीच्या ओळखीच्या. दोन दाखल्यांपैकी खोटा कसा रद्द करायचा एवढंच मला विचारायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काठमांडूला आपल्या वकिलातीत नोंद केली होती का?"

"कसली नोंद?"

"मुलीच्या जन्माची."

"वॉर्ड ऑफिसात केली. आणि आमच्या मामांनी, सासऱ्यांनी, पंचायतीत."

त्यांनी पेन बाजूला ठेवलं. मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. मूल भारताबाहेर जन्मलं तर आईबाप दोघंही भारतीय आहेत एवढं आता पुरत नाही. वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत जन्माची नोंद करावी लागते. ती केली की मूल वंशानं भारतीय होतं. वर्ष उलटलं तर दिल्लीच्या परवानगीनं करता येते. पण ती होईपर्यंत कायदा त्याला भारताचा नागरिक मानत नाही.

"म्हणजे माझी मुलगी..."

"अजून नाही, ताई."

मी तिथं काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझ्या बापानं बर्फात उभं राहून नोकरी केली, माझ्या सासऱ्यांच्या सात पिढ्या याच मातीत गेल्या, आणि माझी पोरगी बाहेरची? वकीलबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "रक्त तुमचंच आहे, ते कुणी नाकारत नाही," त्या म्हणाल्या. "नोंद नाही, एवढंच. आणि ही अठराची व्हायच्या आत करा. पुढं फार अवघड होऊन बसेल."  लेकीनं हळूच सांगितलं की एनडीएच्या फॉर्मवर भारताचा नागरिक किंवा नेपाळची प्रजा, दोन्ही चालतं.  पण ती नेपाळचीही नव्हती. नुसतं तिथं जन्मली म्हणून नेपाळनं तिला आपली म्हटलेलं नव्हतं.

येताना एसटी तासगाववरून आली. बाहेर द्राक्षबागांची छाटणी चालली होती. लेक खिडकीशी बसून बाहेर बघत होती. शाळेच्या झेंडावंदनाला दरवर्षी पुढं उभी राहून हीच पोर राष्ट्रगीत सांगायची, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. विटा येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. जे करायचं ते सरळ करायचं, आणि तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत करायचं.

मालकांना फोन केला तर ते म्हणाले, "कशाला उकरून काढतीस? बुटवलचा कागद चुलीत घाल. गावचा दाखला हाय, आधार हाय. कोण बघायला जातंय?"

"आणि पुढं कुणी बघितलं तर? अंगावर वर्दी चढल्यावर काढून घेतली तर?"

"लय लांबचं बघतीस तू."

"मग काय जवळचं बघू? लेक माझी हाय, आणि ती जिथं झाली तिथं मी होते. तुमी काठमांडूला होता."

 नवरा-बायकोच्या भांडणात असा एखादा हुकमाचा पत्ता प्रत्येक बाईजवळ असतो, तो मी त्या दिवशी टाकला. पण माणूस चांगला आहे. पंधरवड्याच्या आत दवाखान्याचा जुना दाखला आणि वॉर्ड ऑफिसची ताजी नक्कल त्यांनी पाठवून दिली.

खरी अडचण घरातच होती. दिल्लीकडे अर्ज करायचा तर गावची खोटी नोंद आधी रद्द व्हायला हवी. एकाच मुलीचे दोन जन्म घेऊन कुणाच्या दारात जाणार? आणि ती रद्द करायची तर ज्यानं खबर दिली त्याचं प्रतिज्ञापत्र हवं. खबर देणारे माझे सासरे. वय झालेलं, पण कणा ताठ. एके काळी गावचे सरपंच, आजही जत्रेच्या पंचांत पहिलं नाव त्यांचं. त्यांच्या तोंडून "मी खोटी नोंद केली" हे वदवून घ्यायचं होतं.

मी सगळं समजावून सांगितलं. ते ओट्यावर बसून ऐकत होते.

"पोरी, म्या तामिळनाडूत चाळीस वर्सं भट्टी फुकली," ते म्हणाले. "माजी चारी पोरं तितंच झाली. शेटनं खोली खाली कर म्हटलं की दुसरी बगायची. आज त्या खोल्या हायत का पाडल्या, ठावं न्हाई. मग पोरांनी इचारलं, आबा आमी कुठलं, तर काय सांगायचं? म्हनून म्या समद्यास्नी गाव लावलं. ह्यात कुनाचं काय चोरलं?"

"कुणाचंच न्हाई, मामा. पण कोइमतूर भारतात हाय. बुटवल न्हाई."

"बुटवल काय इलायतंत हाय?"

"कायद्यानं तसंच."

"मग कायद्याला अक्कल न्हाई." ते उठले. "ह्या वयात कचेरीत जाऊन मी खोटा हाय म्हनून लिवून देऊ? न्हाई जमनार."

पुढचे काही दिवस मी निरनिराळ्या तऱ्हेनं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका सकाळी माझाही तोल गेला. म्हटलं, "तुमी सही करा नाहीतर नका करू. मी आई हाय. पोर कुठं पडलं ते मला ठावं हाय. नोंद खोटी हाय असं मी लिहून देते."

"म्हंजी गावात मला खोटं पाडनार."

"व्हय. तुमी खरं बोलला न्हाई तर पाडणार."

घरात असं कुणी त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं. त्यांनी माझ्या हातचा चहा बंद केला. जेवण लेक वाढायची, तेवढं घ्यायचे. सकाळी टोपी घालून, काठी घेऊन स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन चहा पिऊन यायचे, आणि मी तो सगळा गावाला दिसणारा अबोला सोसायची. मला वाईट वाटत होतं. सासूबाई गेल्यावर त्यांच्या जेवणाची, औषधाची वेळ मी कधी चुकवली नव्हती आणि त्यांनीही मला कधी परकं धरलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तरीही मी विट्याला तहसील कचेरीत जाऊन अर्ज दिला. अठरावा वाढदिवस काही माझ्या वाईट वाटण्यासाठी थांबणार नव्हता.

हा अबोला लेकीनं मोडला. एका दुपारी सासरे ओट्यावर बियाण्याच्या शेंगा फोडत होते. ती जाऊन शेजारी बसली आणि फोडायला लागली. मी आत भाकरी थापत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"आबा, मी बुटवलला झाले म्हणून तुमची नात कमी झाले का?"

"कोन म्हनलं तसं?"

"मग लपवायचं कशापायी?"

शेंगा फुटत राहिल्या. माझी भाकरी करपली. मग त्यांचा आवाज आला, पण तिला नव्हे, आत मला.

"च्या टाक गं जरा. आन् उद्याची इट्याची यष्टी किती वाजता हाय बग."

मी चहा टाकला. कप देताना मी चेहरा कोराच ठेवला. जिंकल्यासारखं दाखवलं असतं तर म्हाताऱ्यानं कप तसाच परत दिला असता.

कचेरीत वेगळंच नाटक झालं. वकीलबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र तयार करून आणलं होतं आणि त्यात लिहिलं होतं की नोंद चुकून झाली. त्यांनी ते वाचून दाखवल्यावर सासरे म्हणाले, "चुकून न्हाई. म्या मुद्दाम केली."

"आबा, मुद्दाम लिहिलं तर तुमच्यावरच येईल."

"यिऊ द्या. खरं बोलाय आनलंय न्हवं मला? मग खरंच लिवा. चुकून काय, म्या झोपंत गेलतो व्हय पंचायतीत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? ज्या माणसाला खरं बोलायला महिनाभर विनवलं, तो आता अर्धं खरं बोलायला तयार नव्हता. बराच वेळ खल झाला. बाहेर रांगेत उभी असलेली माणसंही सल्ले द्यायला लागली. शेवटी वकीलबाईंनी लिहिलं की परदेशातल्या जन्माचा कायदा माहीत नसल्यामुळे आणि गावच्या पूर्वापार रिवाजाप्रमाणे ही नोंद केली. सासऱ्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. "हे बरूबर हाय," म्हणाले, आणि ठसठशीत सही केली. येताना विट्याच्या स्टँडवर त्यांनी मला भजी खायला घातली. 

गावची नोंद रद्द झाल्याचा कागद आला, आणि तोपर्यंत न वाटलेली भीती मला वाटायला लागली. दिल्लीचा अर्ज आता कुठं वकिलातीमार्फत गेला होता, परवानगीचा पत्ता नव्हता. म्हणजे पोरीचा जो एक दाखला होता तो मीच, माझ्या हातानं, पुसून टाकला होता. आता ती गावची नव्हती, नेपाळची नव्हती, आणि भारताची व्हायची होती. पिठाच्या गिरणीत एक बाई म्हणाली, "मग आता तुमची पोरगी धड हिकडची न्हाई, धड तिकडची न्हाई म्हना की." मी म्हटलं, "व्हय, सध्या ती फक्त माझी हाय. तुमचं पीठ झालं का?" घरी आल्यावर मात्र मोरीत जाऊन रडले.

तिच्या वर्गातल्या मुलींनी परीक्षेचे फॉर्म भरले. हिनं नाही भरला. मी म्हटलं, आईनं तुझं वर्ष घालवलं असं वाटतंय का तुला? ती बुटाच्या नाड्या बांधत होती. "पुढच्या खेपंला भरीन की. वय हाय माझं," म्हणाली आणि पळायला गेली. पोर बापाच्या वळणावर गेली आहे, फार बोलत नाही.

दिल्लीकडून वकिलातीमार्फत विचारणा आली की इतका उशीर का झाला, कारण लेखी द्या. वकीलबाईंनी मोठा मसुदा केला होता. मी म्हटलं, मला लिहू द्या. मी एका ओळीत लिहिलं, नेपाळ हा परदेश आहे हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. बाई हसल्या, मग थांबल्या. "राहू दे हेच," म्हणाल्या, आणि त्यांच्या मसुद्यात सगळ्यात वर ती ओळ घातली. त्यानंतर मी दर आठवड्याला मेल पाठवायला लागले. अर्जाचा क्रमांक, मुलीची जन्मतारीख, आणि ती अठराची केव्हा होते ते. उत्तर येवो न येवो, सोमवारी माझा मेल जायचाच. मालक म्हणाले, तिथली माणसं वैतागतील. म्हटलं, वैतागली म्हणजे लक्षात तरी राहील.

वाढदिवस तोंडावर आला असताना उत्तर आलं. परवानगी मिळाली होती. मुलीला घेऊन आईबापांनी काठमांडूला समक्ष यायचं होतं. मी बॅगा भरायला काढल्या तर सासरे धुतलेलं धोतर घेऊन आले. "ह्ये बी घाल त्यात."

"मामा, तुमची गरज न्हाई तिकडं. प्रवास लांबचा हाय."

"गरज माजी हाय," ते म्हणाले.

चाळीस वर्षं मुलखाबाहेर काढलेला माणूस, पण पोराचं नेपाळातलं दुकान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. गाडीत त्यांनी सगळ्या डब्याला शेंगदाण्याची चटणी वाटली. सुनौलीच्या कमानीपाशी शिपायानं ओळखपत्रं पाहिली. लेकीचं कॉलेजचं ओळखपत्र त्यानं उलटसुलट करून बघितलं. त्यानं ते परत दिलं. पलीकडे मालक उभे होते. तिथून थेट काठमांडूची बस धरली.

वकिलातीत आमचा नंबर दुपारी लागला. साहेबांनी सगळे कागद ओळीनं मांडले. दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट मुलीजवळ नाही, असं आम्ही दोघांनी लिहून दिलं. लेकीची सही घेतली. मग शिक्के मारून झाले आणि साहेबांनी नोंदणीचा दाखला माझ्या हातात दिला. जन्मस्थळ बुटवल, नेपाळ. नागरिकत्व, भारतीय. दोन्ही खरं, एकाच कागदावर. मला रडू आवरलं नाही आणि आवरायचंही नव्हतं.

सासरे पुढं झाले. "सायेब, आता हिला कोन बाहीरची म्हननार न्हाई न्हवं?"

मालकांनी हिंदीत सांगितलं. साहेब म्हणाले, "नहीं बाबा, कोई नहीं कहेगा." सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले.  बाहेर फाटकापाशी आल्यावर मला म्हणाले, "पोरी, तू हट्ट धरलास म्हनून झालं. न्हाई तर आमी समद्यांनी मिळून हिला बुडीवली आसती." मी मान खाली घातली. या घरात आल्यापासून इतकं ऐकायची मला सवय नव्हती.

"आता बुटवल दाव मला," ते म्हणाले. "ही कुठं झाली ती जागा दाव."

दुसऱ्या दिवशी आम्ही बुटवलला उतरलो. घरमालकीण मुलाकडे पोखऱ्याला राहायला गेली होती. दवाखानाही आता तिथं नव्हता. त्या गाळ्यात रजया आणि स्वेटरचं दुकान होतं, गल्ल्यावर एक मध्यमवयीन बाई बसलेली. मी सासऱ्यांना बाहेरूनच दाखवलं, हीच ती जागा. खाट साधारण कुठं होती तेही सांगितलं. त्यांनी दुकानाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मालकांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं, आणि दोघं कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानाकडे गेले. आले ते गरम जिलेबीचा भला मोठा पुडा घेऊन. आमच्याकडे मुलगी झाली की जिलेबी वाटतात.

पायताण पायरीखाली काढून ते रजयांच्या दुकानात शिरले आणि पुडा त्या बाईपुढं धरला. ती गोंधळून कधी त्यांच्या टोपीकडे, कधी आमच्याकडे बघायला लागली.

"घ्या," सासरे म्हणाले. "नात झाली मला."

मालक हिंदीत सांगायला लागले, पण तिला तेवढ्यावरच कळलं. "नातिनी?" ती हसली आणि तिनं एक जिलेबी उचलली. "कहाँ हुई?"

माझी लेक दारात उभी होती, आजोबांपेक्षा हातभर उंच. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि काठी त्या दुकानाच्या फरशीवर टेकवून म्हणाले, "हितं."